सुखदेवमामांची दारातली जागा

आमच्या विहारात रविवारी सकाळी ध्यानाला बसणाऱ्यांत डोळे उघडे ठेवून बसणारा एकच माणूस होता, आणि आम्हा सगळ्यांना डोळे मिटायला शिकवलं होतं तेही त्यानंच. सुखदेव ओव्हाळ. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. धाराशिवकडची आमची सगळी वाशी त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायची. नवीन कुणी बसायला आलं की तास संपल्यावर हमखास माझ्या कानाशी लागायचं, "बाई, ते दारातले काका नुसतेच बसतात का हो? डोळे टक्क उघडे! त्यांना जमत नाही वाटतं अजून?" मी शाळेत शिकवते, प्रश्नाला उत्तर द्यायची सवय आहे मला. पण याला मी कधी सरळ उत्तर दिलं नाही. "तुम्ही आपलं बघा," असं म्हणून मोकळी व्हायची.

आज मामा नाहीत. आता सांगायला हवं.

मामांना पहिल्यांदा बघणाऱ्याला हसूच यायचं. रिटायर होऊन कैक वर्षं झाली तरी अंगावर खाकी पँट, खांद्यावर पंचा, खिशात बडीशेपेची पुडी. बोळातनं चालता चालता वळण आलं की त्यांचा उजवा हात आपोआप बाहेर जायचा, मागच्या गाडीला इशारा द्यावा तसा. मागं गाडी कुठली? असलीच तर त्याच बोळातल्या सोनाबाईची शेळी. घरात शिरताना चपला काढायच्या त्याही तोंड रस्त्याकडं करून, निघायला सोप्या. आणि बोलणं सगळं गाडीचं. कुणाच्या पोराचं लग्न मोडलं तर "गिअर बदलताना घाई केली त्यानं." कुणी फार चिडलं तर "इंजिन तापलंय, बॉनेट उघडून ठिवा जरा, पाणी लगेच वतू नगा."

मी धाराशिवला कॉलेजला जायची तेव्हा सकाळची गाडी त्यांचीच असायची. एकदा परीक्षेच्या दिवशी मला उशीर झाला. मी स्टँडवर पोचले तर गाडी रस्त्याला लागलेली. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "मामाऽ!" आणि तिथंच मटकन बसले, कारण एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार? गाडी लांब जाऊन थांबली. मग चक्क उलटी, रिव्हर्स येत येत माझ्यापाशी आली. कंडक्टर करवादला, आतली माणसं वैतागली. तेरखेड्याचे एक पुढारी तर तक्रार करतो म्हणाले. मामांनी आरशातनं सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "आवाज आला ना कानावर? मग थांबायचं न्हाय म्हणता? ऐकून न ऐकल्यावानी केलं तर मला जेवण जात न्हाय."

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं आणि परीक्षेच्या गडबडीत विसरून गेले. पुढं ते असं डोक्यात येऊन बसलं की आजही हलत नाही.

रिटायर झाल्यावर मामांची झोप उडाली. मामी आधीच गेलेल्या, मुलगा पुण्याला. कुणीतरी सांगितलं, विपश्यनेच्या शिबिराला जा, दहा दिवस. मामा गेले. परत आले ते आमच्या ओट्यावर बसून पोट धरून सांगायला लागले, "काय सांगू बाई, फोन काढून घेतला, बोलायचं बंद केलं, म्हणले नुसता श्वास बघा. म्या कशाचा बघतोय! तीन दिवस डोक्यात वाशी-धाराशिव अप-डाऊन केली. येरमाळ्याचा घाट आला की उजवा पाय आपसूक ब्रेकवर. शेजारचा साधक हैराण! त्याला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला." मग पंच्यानं तोंड पुसलं. "चौथ्या दिवशी पाय सैल पडला, बाई. आन् म्या रडलो. कामून रडलो, अजून कळंना."

तिथनं पुढं त्यांनी ध्यान सोडलं नाही. आमच्या वस्तीतला विहार म्हणजे चार भिंती, वर पत्रा, समोर पिंपळ. तिथं दर रविवारी सकाळी तासभर एकत्र बसायचं, असं त्यांनी ठरवलं आणि दारोदार जाऊन माणसं गोळा केली. सोपं नव्हतं ते. आमच्या पोरांनी कट्ट्यावर टिंगल केली, "डोळे उघडा म्हणून सांगून गेलेत आपल्याला, आणि हे मामा मिटायला सांगतायत!" मामा चिडले नाहीत. "तासभरच मिटा की रं बाबांनो. बाकी दिवसभर उघडेच हायेत."

ध्यान सुरू करायला घंटी लागते. मामांकडं घंटी होती, एसटीतली. रिटायर झाले तेव्हा त्यांच्या कंडक्टरनं भंगारात निघालेल्या गाडीची घंटी त्यांना भेट दिली होती, दोरीसकट. कुठनं मिळवली ते कुणी विचारलं नाही. मामांनी ती विहाराच्या खिळ्याला लावली. एसटीत बसलेल्या माणसाला सांगायला नको, एक टोल म्हणजे थांबा आणि दोन टोल, डबल बेल, म्हणजे निघा. विहारातही तोच कायदा. टिंग टिंग, मिटा डोळे, गाडी सुटली. तास संपला की एकच, टिंग. उतरा.

विहाराच्या दारासमोर बोळ, आणि बोळापलीकडं सोनाबाईचं घर. ती धनगराची, वयानं मामांच्या बरोबरीची, नवरा नाही, मुलगा बिरू शेळ्या राखायचा. सोनाबाईचा आवाज म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. बाजेवर बसून ती दिवसभर कुणाला ना कुणाला हाका मारत असायची, आणि डबल बेल झाली की तिला जास्तच चेव यायचा. "ओ डायवर! बसले का पॅशिंजर? लागली का गाडी पलाटाला?" आम्ही आत हसू दाबत बसायचो. पाच मिनिटं गेली की पुन्हा, "ओ डायवर! माझी पाट आली का बगा तिकडं, पिंपळ खातीया का बगा!" पाट म्हणजे तिची लाडकी तरणी शेळी. कधी पाण्याची मोटर बंद करा, कधी काडेपेटी हाय का. मामांचं नाव घेऊन ओरडल्याशिवाय तिचा रविवार उजाडतच नसे.

मग मामांनी आम्हाला अधिष्ठान शिकवलं. अधिष्ठान म्हणजे निश्चयाची बैठक. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचा नाही, पाय हलवायचा नाही. दुखलं तर दुखणं बघायचं, आवाज आला तर आवाज बघायचा. "हॉर्न वाजू द्या मागं," मामा म्हणाले, "आपुन मागं वळून बघायचं न्हाय. आवाज येतोय, आवाज जातोय. कुणी उठायचं न्हाय. काय बी झालं तरी." आणि खरंच, जमायला लागलं आम्हाला. एकदा रामलिंगच्या जंगलातनं भरकटलेलं एक माकड पत्र्यावर नाचून गेलं, पिंपळाखालचा नारळ फोडून गेलं, तरी कुणी पापणी हलवली नाही. केवढा अभिमान वाटला होता आम्हाला! गावात सांगत फिरलो. धाराशिवची मोठी साधक मंडळी सुद्धा येऊन कौतुक करून गेली.

तो रविवार सोयाबीन काढायच्या दिवसांतला. गल्ली सगळी रानात गेलेली. बिरू शेळ्या घेऊन गेला होता, त्याची बायको कामाला. आम्ही मोजके लोक बसलो होतो. मी दाराच्या अगदी जवळ. दार सताड उघडं, कारण आत उकडत होतं.

अर्धा तास झाला असेल. सोनाबाईची हाक आली, "डायवर." मग जरा वेळानं, "ओ डाय..." आवाज जड होता, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. ती मिश्री लावायची. मला वाटलं, मिश्री आहे तोंडात. तिसऱ्यांदा हाक नव्हतीच, नुसता आवाज होता. मग तांब्या पडल्याचा आवाज, आणि तो घरंगळत गेल्याचा.

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मी तर स्पष्ट ऐकलं. उठावंसं वाटलं का? वाटलं. पण मामा उठले नव्हते, बाकी कुणी उठलं नव्हतं, आणि मी उठले असते तर अधिष्ठान मोडणारी पहिली मी ठरले असते. खोटं कशाला बोलू, आपण हललो नाही याचं मला आतून बरंच वाटत होतं. आवाज येतोय, आवाज जातोय.

तास संपला. टिंग. मग शेवटची मंगल मैत्री. सगळे प्राणी सुखी होवोत, सगळ्यांचं मंगल होवो, असं आम्ही डोळे मिटून, हात जोडून म्हणत होतो आणि बोळापलीकडं सोनाबाई बाजेखाली पडलेली होती. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग लुळं, डोळे मात्र उघडे. ती आमच्या दाराकडंच बघत होती.

त्या दिवशी मामांनी शेजारच्याची जीप घेतली आणि धाराशिवला अशी हाणली, की ज्या माणसानं आयुष्यात कुणाला कधी कट मारला नाही तो येडशीपर्यंत हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी मागं सोनाबाईचं डोकं मांडीवर घेऊन. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी झालं हे? मामांनी अंदाजानं वेळ सांगितली. डॉक्टर म्हणाले, "जरा लवकर आणलं असतं तर फरक पडला असता." साधं बोलले ते, कुणाला दोष न देता.

तोवर बिरू पोचला होता. मामा त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "बिरू, आमी ऐकलं हुतं. म्याच सांगितलं हुतं, उठू नगा म्हणून. कसूर माझा हाय." बिरू ओरडला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "दार तर उघडंच हुतं म्हणं, मामा."

सोनाबाई जगली. पण वाचा गेली ती गेलीच. गल्ली एकदम शांत झाली, आणि ती शांतता आमच्याच्यानं सोसवेना.

पुढच्या रविवारी विहारात गेलो तर खिळ्यावर घंटी नव्हती. ती सोनाबाईच्या बाजेजवळच्या मेढीला बांधलेली, दोरी तिच्या डाव्या हाताशी. मामा तिला सांगत होते, "एक टोल दे. कवा बी दे. म्या येतो." तिनं तोंड फिरवलं. मग मामा विहारात आले आणि दारात, उंबऱ्याला लागून, बोळाकडं तोंड करून बसले. "बसा," आम्हाला म्हणाले. "तुमी मिटा डोळे." स्वतः मिटले नाहीत. त्या दिवसापासून शेवटपर्यंत नाहीत. विहारातच नाही, घरीही नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "मिटले की तांब्या पडतोय, बाई."

सोनाबाईनं बरेच दिवस दोरीला हात लावला नाही. मामा रोज जायचे. तिच्या लुळ्या हातात काठी द्यायचे आणि व्यायाम करून घ्यायचे, "हं, फस्ट टाक. आता शेकंड. अगं, क्लच दाब की!" ती रागानं बघायची. मग एक दिवस, ऐन ध्यानात, टिंग! मामा चप्पल न घालता पळाले. काय हवं होतं तिला? काही नाही. डाव्या हातानं पिंपळाकडं बोट दाखवत होती. पाट पिंपळ खात होती.

त्यानंतर तिनं जो धडाका लावला! टिंग, पाणी. टिंग, ऊन आलं, बाज सरकवा. टिंग, नुसतंच. पूर्वी जेवढ्या हाका मारायची तेवढे टोल. आणि प्रत्येक टोलाला मामा उठायचे. गुडघे कुरकुरायचे, तरी उठायचे. धाराशिवचे एक जुने साधक आले होते, त्यांना हे रुचलं नाही. "काका, सेवा वेगळी, साधना वेगळी. तासभर तरी स्थिर बसा. कर्माचं ओझं असं पळून उतरत नाही." मामा म्हणाले, "साहेब, गाडीत समदे झोपले तरी चालतंय. एकाला जागं ऱ्हावं लागतंय." साहेबांना ते उत्तर पटलं. मला माहीत होतं, ते उत्तर नव्हतं. मामा त्या बाजेकडं बघायचे ते पहारेकऱ्यासारखं नाही. निकालाची वाट बघणाऱ्या माणसासारखं बघायचे.

एकदा मी धीर केला. विहार झाडत होतो आम्ही दोघं. म्हटलं, "मामा, त्या दिवशी दाराजवळ मी होते. तुमच्यापेक्षा मला जवळ होतं. दारातली जागा मला द्या."

मामांनी झाडू थांबवला. "बाई, गाडीला काय झालं तर कसूर डायवरचा असतोय. पॅशिंजरला कोण इचारतंय?"

आणि काय सांगू तुम्हाला, मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलं हायसं. त्या दिवशी विहारात असलेल्या प्रत्येकानं हेच केलं. मामांनी सगळ्यांचा दोष एकट्यानं उचलला आणि आम्ही तो उचलू दिला. ते दारात बसले म्हणून आम्हाला आत डोळे मिटता आले. घरी स्वयंपाक करताना हातातनं भांडं पडलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो, पण मामांना एवढं सुद्धा मी कधी सांगितलं नाही.

पुढं मामांचं हृदय थकलं. पाय सुजायला लागले, उंबरा ओलांडताना दम लागायचा. मुलगा पुण्याहून आला, म्हणाला, आता इथं ठेवत नाही. पुण्याच्या दवाखान्यात मामा काही आठवडे होते, तिथंच गेले. फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. पोरांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

पण माझ्या डोळ्यांपुढं मामा येतात ते पुण्याला निघायच्या त्या रविवारचे. उन्हाळ्याची सकाळ होती. मुलगा नको म्हणत असताना मामा भिंतीला धरत धरत विहारात आले आणि आपल्या जागेवर, दारात बसले. पाठ चौकटीला, सुजलेले पाय पुढं पसरलेले, उजवा पाय जरा ताठ, ब्रेकवर असल्यासारखा. म्हणाले, "बसा." आवाज निघत नव्हता.

आम्ही डोळे मिटले. थोडा वेळ गेला असेल.

टिंग.

मी डोळे उघडले. मामांनी उठायला जमिनीवर हात टेकला होता. उठवत नव्हतं. दुसऱ्यांदा जोर केला, चेहरा पिळवटला. "आलो," म्हणाले, "आलो गं." मी अर्धी उठलेच होते.

टिंग.

दुसरा टोल. तिनं तो आजवर कधी दिला नव्हता.

बोळापलीकडं सोनाबाई बाजेवर उशाला टेकून बसली होती, दोरी डाव्या हातात. मामांकडं टक लावून बघत होती. मामा जमिनीवर हात टेकून तसेच थांबले. त्यांना कळलं होतं, पण खरं वाटत नव्हतं. तसं तिनं वाकड्या तोंडानं कपाळाला आठी घातली, पूर्वी पाट सापडली नाही की घालायची तशी, आणि पुन्हा दोरी ओढली. या वेळी लागोपाठ, खणखणीत. टिंग टिंग.

मामांनी जमिनीवरचा हात उचलला. मांडीवर ठेवला. आणि डोळे मिटले.

गालावरनं पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. उजवा पाय हळूहळू सैल पडला. मी गुडघ्यावर सरकत सरकत दारात गेले आणि त्यांच्या शेजारी, बोळाकडं तोंड करून बसले, डोळे उघडे ठेवून. सोनाबाईनं माझ्याकडं एकदा बघितलं. बरंच बघितलं. मग नजर काढून घेतली.

तास झाला असणार. ऊन दारातनं आत आलं, मामांच्या पायांवर पडलं. आत मंडळी थांबली होती, कारण एरवी मामा तोंडानंच उठवायचे, पण आज डबल बेल सोनाबाईनं दिली होती, तेव्हा उतरायचा एक टोलही तिनंच द्यायचा होता. तिच्या हातात दोरी तशीच होती. तिनं ती ओढली नाही. मामांचा मुलगा त्यांना न्यायला गाडी घेऊन बोळात आला, त्याला तिनं डाव्या हातानं लांबूनच थांबवलं.

मामा बसून होते. मी दारात होते.